वरवंट्याचं बारसं

आकाराम आप्पा दोन्ही हातांनी स्प्रिंगला लटकले. पाय उचलून घेतले. छताच्या कडीला अडकवलेली स्प्रिंग जराशी ताणली, पण कुरकुरलीसुद्धा नाही.

"बघ. एवढा गडी तोलला तिनं. आता बोल."

नंदिनी स्प्रिंगचे वेढे निरखत होती. तिच्या मांडीवर बारा दिवसांची लेक झोपली होती. आत घुगऱ्या शिजत होत्या. बायका जमायला लागल्या होत्या.

स्प्रिंग काही नवी नव्हती. नंदिनी जन्मली तेव्हा आप्पांनी उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये ती स्वतःच्या हातानं वळली होती. तिला टांगलेल्या पाळण्यात नंदिनी झोपली, मागून तिचा भाऊ झोपला. मग स्प्रिंग माळ्यावर गंजत पडली. नात झाली त्या संध्याकाळी आप्पा गुडघे धरत माळ्यावर चढले. गंज अ‍ॅसिडमध्ये धुऊन काढला. शिरोलीला दोस्ताकडं, अमरसिंहकडं जाऊन तिला जस्ताचा मुलामा चढवून आणला. आता ती आरशासारखी चमकत होती. येईल त्याला आप्पा ती दाखवत होते.

"आप्पा, मुलामा दिल्यावर भट्टीत तापवली होती का?" नंदिनीनं विचारलं.

"एका स्प्रिंगसाठी भट्टी कोण पेटवतंय? आणि कशाला?"

नंदिनी कागलच्या एका कारखान्यात बोल्ट तपासायची नोकरी करायची. तिनं सांगून पाहिलं. अ‍ॅसिडमध्ये आणि मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. सगळ्यात हलका वायू. दिसत नाही, जाणवत नाही. पोलाद जितकं कडक, तितका तो त्याला बाधतो. लगेच भट्टीत काही तास मंद तापवलं तर निघून जातो, नाहीतर आतच बसून राहतो. मग पोलादावर भार टांगून ठेवला, की जिथं ताण जास्त तिथं हळूहळू गोळा होतो.

"झटक्याला तुटत नाही आप्पा. नुसतं टांगून ठेवलं की तुटतं. कुणी हात न लावता."

आप्पांनी बायकांकडं पाहिलं. "ऐकलं का? माझ्या पोलादात वारं शिरलंय म्हणं! अगं, वारं शिरलंय ते बाळंतिणीच्या डोक्यात. आक्का, हिच्या कानाला फडकं बांध की जरा घट्ट."

बायका खळखळून हसल्या. नंदिनीही हसली, पण लेकीवरचा हात तिनं काढला नाही.

आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिनं वरवंटा धुऊन, पुसून, काजळ लावून, कुंची घालून आणला. पहिला मान वरवंट्याचा. त्याला पाळण्यात घालायचं, चार झोके द्यायचे, मग काढून बाळाला ठेवायचं. झोके झाले. आक्का त्याला उचलायला वाकली.

"आक्का, राहू दे त्याला. बाळाचं नाव माझ्या मांडीवरच ठेवा."

गाणं थांबलं. "एवढा पाळणा सजवलाय आणि मांडीवर?" कुणीतरी म्हणालं.

आप्पा दारात उभे होते. त्यांचा एरवीचा खणखणीत आवाज अगदी खाली आला. "ह्यासाठी शिकवलं व्हय तुला?" आणि ते चपला घालून बाहेर गेले.

बाळाच्या आत्यानं, संयोगितानं, बाळाच्या कानात नाव सांगितलं. रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या बसल्या. घुगऱ्या वाटल्या. आप्पा गल्लीच्या टोकाला पाठ करून उभे होते.

वरवंटा पाळण्यातच राहिला. दुसऱ्या दिवशीही. येणाऱ्याजाणाऱ्याला करमणूकच झाली. "वरवंट्यानं बाळसं धरलं की गं!" शेजारीण म्हणाली. आप्पा जाता-येता मुद्दाम पाळण्याला झोका द्यायचे, स्प्रिंगकडं बघायचे आणि पुढं जायचे. नंदिनीशी बोलणं बंद. बाळ रडलं की आक्काला म्हणायचे, "ती रडतीय. सांग तिच्या आईला."

तिसऱ्या दिवशी दुपारी घर सामसूम होतं. आप्पा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. नंदिनीचे हात भरून आले होते. पोर मांडीवरून खाली म्हणून राहत नव्हती. तिनं आप्पांच्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं. कदाचित आपलंच चुकलं असेल, तिला वाटलं. मुलामा पातळ असेल. वायू केव्हाच निघून गेला असेल. गुडघे धरत माळ्यावर चढलेला माणूस तो. त्याच्यापेक्षा का बोल्ट मोठे?

ती उठली. एका हातानं लेक धरून, दुसऱ्या हातानं वरवंटा काढायला वाकली. तेवढ्यात पोर भुकेनं किंचाळली. नंदिनी मागं सरली आणि भिंतीला टेकून तिला पाजायला बसली.

वारा नव्हता. झोकाही कुणी दिला नव्हता.

टण्णकन आवाज झाला. पाळणा सरळ खाली आदळला. वरवंटा बाहेर उडाला, फरशीचा टवका काढून गडगडत आप्पांच्या पायाशी गेला.

आक्का आतून डाव घेऊन धावत आली आणि दारातच थांबली. वर कडीला स्प्रिंगचा तुकडा लोंबत होता. तसाच चमकत होता.

आप्पांनी वर पाहिलंच नाही. ते वाकले. वरवंटा उचलला. त्याची कुंची एका बाजूला सरकली होती. ती त्यांनी नीट केली, नाडी पुन्हा बांधली. मग तो दोन्ही हातांनी छातीशी धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. आक्का हात पुढं करून "दे इकडं" म्हणाली, तरी देईनात.

शेवटी ते हळूहळू चालत आले आणि नंदिनीच्या शेजारी जमिनीवर टेकले. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"नंदे, हिचं नाव काय ठेवलंस गं?"