चार मिलिमीटर

नव्या कापडी टपाची मधली शिवण गाडीच्या मध्यरेषेपासून चार मिलिमीटर डावीकडे होती. सुनीतीनं पट्टी दोनदा लावून पाहिली. दोन्ही वेळा चारच.

"चार मिलिमीटर कोणाले दिसते?" सांगाड्याच्या पलीकडून श्रीकृष्ण म्हणाला.

"मला दिसतं."

"तुले तर भाजीतलं मीठही ग्रॅममध्ये दिसते."

तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या सुनीतीला हा टोमणा जुनाच होता. तिनं चिमटे काढले आणि कापड उजवीकडे सरकवलं. न सांगताच श्रीकृष्णनं पलीकडची कड धरली आणि नेमकी हवी तेवढीच ओढली.

गाडी जुनी, दोन दारांची, टप मागे पाडला की उघडी होणारी. लेक केतकी जन्मली त्या वर्षी दोघांनी हौसेनं घेतलेली. पुढे अकरा वर्षं ती केतकीच्या सासरी, बाभुळगावच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली आणि उंदरांनी टपाची चाळण केली. असा टप बसवून देणारं यवतमाळात त्यांना कोणी सापडलं नाही. मग दोघांनीच जुना टप उसवला, त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरून मापं काढली आणि बसस्टँडमागे सीट-कव्हर शिवणाऱ्या खातूनबीकडून नवा शिवून घेतला. महिनाभर रोज सकाळी सातला श्रीकृष्ण पोर्चमध्ये कामाला हजर असायचा.

आज शेवटचा दिवस होता. उद्या पहाटे तो गाडी घेऊन पुण्याला निघणार होता. त्यांच्या मुलानं, पियूषनं, तिथं एक खोली रंगवून ठेवली होती. सगळं अडलं होतं ते सुनीतीच्या एका उत्तरावर. प्रश्न श्रीकृष्णनं दिवाळीत विचारला होता. "बघू," ती म्हणाली होती. होळी झाली, पाडवा झाला. मागच्या आठवड्यात तो एवढंच म्हणाला, "तू नाही म्हणालीस, तर मी एकटा जाईन." रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो फार हळू म्हणाला होता.

सुनीतीला घाईत दिलेलं उत्तर नको होतं. पण आता उशीरही परवडणारा नव्हता.

"ऊन उतरू दे, मग ताणू," श्रीकृष्ण कपाळ पुसत म्हणाला. "बेचाळीस डिग्री आहे."

"म्हणूनच आत्ता. उन्हात हे कापड सैल पडतं. आत्ता ताणून बसवलं की संध्याकाळी आपोआप आवळेल. संध्याकाळी बसवलं, तर उद्या दुपारी झोळी लोंबेल."

"साहेब, ऐका बाईचं," खातूनबी पायरीवरून म्हणाली. आपली शिवण कशी बसते ते पाहायला ती मुद्दाम आली होती. "कायले वाद घालता? शेवटी करता तर बाई म्हणते तसंच."

"पाहिलं? सारं गाव तिच्याच बाजूनं."

दोघांनी कापडाला आणि सांगाड्याला ब्रशनं डिंक लावला. मग सुनीतीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"आता बारा मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मग जोडायचं."

"चिकटत नाही तेव्हा जोडायचं? हे उलटंच शास्त्र आहे."

"ओलं असताना जोडलं की सुटतं. आणि वाळल्यावर एकदा टेकवलं की हलवता येत नाही. नीट पाहूनच टेकवायचं."

श्रीकृष्ण हसला नाही. तो ब्रश पुसत राहिला.

"कापड दाबून बसवायला लाटणं लागेल," ती म्हणाली.

तो आत गेला. दोन मिनिटं डबे हलल्याचा आवाज आला. मग, "लाटणं कुठं ठेवतेस?"

"ओट्याखाली, डावीकडे!"

"साहेबायले घरातलं काहीच ठाव नाही," खातूनबी तोंडाला पदर लावून हसली. सुनीतीही हसली. मग तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं, आत्ताच पाहिलं असूनही.

बारा मिनिटं झाली. तिनं बोट टेकवलं, चिकटलं नाही. श्रीकृष्ण उजवीकडे, ती डावीकडे. "तीन म्हटलं की सोडायचं." एक, दोन, तीन. कापड एकाच वेळी दोन्ही कडांवर उतरलं. तो लाटणं फिरवत मागून पुढे आला, ती कडेनं अंगठे दाबत गेली. पुढच्या काचेवरचे खटके बंद करायला मात्र दोघांनाही पूर्ण जोर लावावा लागला. तिसऱ्या प्रयत्नाला 'खट्' झालं, आणि श्रीकृष्ण पोरासारखा ओरडला.

एकही सुरकुती नव्हती. खातूनबीनं उठून टपावर थाप मारली. "ढोलकावानी वाजते वो बाई!"

सुनीतीनं पट्टी लावली. शिवण बरोबर मधोमध होती.

केतकी पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आली. आईबाबांचे डिंकाळलेले हात, बाबांच्या केसांतला धाग्यांचा पुंजका आणि तो उजळ करडा टप पाहून ती दारातच थबकली.

"झालं," श्रीकृष्ण म्हणाला. हातातल्या लाटण्याचं काय करावं हे त्याला कळेना. "म्हणजे गाडीचं तर झालं. उद्या पाचला निघावं म्हणतो." तो थांबला. "सुनीती, आता तरी सांग."

केतकीनं ट्रे पायरीवर ठेवला. खातूनबीनं थाप मारायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

सुनीतीनं पट्टी खिडकीत ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुठं जाऊ नका. करू या लग्न. पण या खेपेला घरच्या घरी, चार माणसांत. कोर्टाची पायरी घटस्फोटाच्या वेळी चढले तेवढी पुरे झाली."