तीनदा गाळलेला गर

वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी बर्फ मागायला आली आणि माझा फ्रीजर बघतच राहिली. आंबा, पीच, अननस... तारखा घातलेले गराचे डबे गच्च भरले होते.

"काकू, यातलं थोडं द्याल? कॉकटेल करतोय, पाहुणे खोळंबलेत."

"सगळंच ने."

तासाभराने ती डबे धुऊन परत घेऊन आली. सोबत माझ्यासाठी एक ग्लासही होता. "अहो, सगळे विचारतायत, इतकं मऊसूत केलंत कसं? जिभेला एक धागा लागत नाही!"

"तीनदा गाळायचे."

"बाप रे! एवढा खटाटोप कशाला?"

मी ग्लास ओट्यावर ठेवला.



"एक धागा राहिला, तरी काकांच्या नाकातली नळी तुंबायची."