तिसरा धडा

कोर्स परत करायची मुदत आज संपत होती. घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय कसा वाढवावा, असा तो ऑनलाइन कोर्स. उर्मिलाचे तीन धडे ऐकून झाले होते. तिच्या नवऱ्याचं, अंबरीशचं म्हणणं, यातलं सगळं फुकट सापडतं, पैसे परत घे. मग तोच म्हणाला, एका गिऱ्हाइकावर करून बघ. चाललं तर ठेव.

तिसरा धडा सोपा होता. किंमत एकदाच सांगायची आणि गप्प राहायचं. वर्षभर उर्मिला डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागातल्या मराठी घरांना पुरणपोळ्या देत होती आणि कोणी किती झाले विचारलं की "असू दे गं, दे काय ते" म्हणत होती. डाळ-गुळाचा खर्चही निघत नव्हता.

संध्याकाळी तिची मैत्रीण संध्या आली. पिशवीतून मागच्या वेळचा स्टीलचा डबा काढून तिने ओट्यावर ठेवला, पोळ्यांचा नवा डबा उचलला. नवऱ्याच्या, नरेंद्रच्या ऑफिसातली आयरिश बाई पोळीवर जॅम लावून खाते आणि वर 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणते, हे तिने हसत हसत सांगितलं. मग नेहमीसारखं विचारलं, "किती देऊ गं?"

"दहा पोळ्यांचे तीस युरो."

संध्या अजून हसतच होती. पुढच्या वाक्याची वाट बघत होती. उर्मिलाने ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छ होता.

"बरं," संध्या म्हणाली आणि फोनवरून पैसे पाठवले.

उर्मिलाने चहाचं विचारलं. नको, बस चुकेल, म्हणाली. दारात बूट चढवताना तिने वर न बघता सांगितलं, "पुढच्या वेळी डबा नको देऊस. फेकून देता येईल अशा बॉक्समध्येच दे. परत आणायची कटकट नको."

दार लागल्यावर अंबरीश लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याने आतून सगळं ऐकलं होतं.

"चालला की धडा. मग ठेवायचा ना कोर्स?"

उर्मिलाने धुवायला म्हणून ओट्यावरचा डबा उचलला. तो जड लागला. तिने झाकण काढलं. आत ओल्या नारळाच्या वड्या होत्या, मध्ये कागद घालून नीट रचलेल्या. अंबरीशला नारळ चालत नाही, म्हणून एका कोपऱ्यात बेसनाचे दोन लाडू वेगळे गुंडाळलेले होते.