डॉक्टरीणबाईंच्या डावीकडे

रक्ताचे नमुने घ्यायला मी लिमाहून दर महिन्याला एकटीच या डोंगरगावात येते. इथल्या पुरुषांची नजर पन्नाशीत जाते. आईच्या रक्तातून उतरणारा रोग.

ओसरीवरचे आंधळे म्हातारे आधी मला नमस्कार करतात, मग माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेला.

"तिथं कोण आहे?" एकदा मी हसून विचारलं.

"आम्ही आंधळे आहोत बाई, खुळे नाही," एलेउतेरियो आजोबा म्हणाले. "तुमची मदतनीस ना ती!"

आज माझ्या नमस्काराला कुणीच उत्तर दिलं नाही. मी पुन्हा, ओरडून नमस्कार केला.

आजोबांनी माझ्या डावीकडे हात पुढे केला. कुणीतरी धरल्यासारखा तो वर-खाली हलला.

"ये पोरी," ते म्हणाले. "आज एकटीच? डॉक्टरीणबाई नाही आल्या?"