दोन हप्ते

शेतकऱ्यांना मिळणारा सरकारी हप्ता यापुढे कुटुंबात एकालाच मिळेल, हे सांगायला कृषी सहायक पिशोरला आले, तेव्हा तात्यासाहेबांनी वकिलालाही लाजवील असा युक्तिवाद मांडला. नवरा-बायको म्हणजे एक कुटुंब, हे गृहीतकच त्यांनी मोडीत काढले.

"आम्ही एका छपराखाली राहतो, एवढेच. सालभरापासून आमचा एकमेकांशी काही वास्ता नाही. दोघांचाही हप्ता पूर्वीसारखा चालू ठेवा!"

सहायकांनी ओसरीवर मेथी निवडणाऱ्या तात्यासाहेबांच्या पत्नी चतुराबाईंकडे पाहिले. "काकू, खरं हाय का हे?"

"व्हय. फक्त सालभर नका लिहू," त्या मान वर न करता म्हणाल्या, "लग्नापासूनचं लिहा."

मुद्दा निर्विवाद सिद्ध झाला होता. आणि तो खोडून काढण्यासाठी तात्यासाहेब आयुष्यात पहिल्यांदाच शब्द शोधत उभे राहिले.