जावईबापू

"म्हणजे यापुढे या माणसाला जावईबापू म्हणवून घेता येणार नाही?" तानाजी धुरींनी विचारलं.

"घरी घेऊ दे ना काका," धनेशशेठ म्हणाला. "रिंगमध्ये नाय."

धनेश कोपरीतला. आजोबांनी मिठागरात टाचा फोडून घेतल्या, त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि नातवाने 'ठाणे महादंगल' नावाची कंपनी काढली. टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती. दोऱ्यांचं रिंगण, रंगीत दिवे, निकाल आधीच ठरलेला.

त्यात विनीत सहा वर्षं होता. डोक्याला फेटा बांधून तो रिंगच्या मधोमध पाट मांडून बसायचा आणि समोरच्या पैलवानाला म्हणायचा, "आधी मानपान!" मग बेदम मार खायचा. लोक त्याच्यावर चपला फेकायचे आणि पुढच्या खेळाला पुन्हा यायचे. आता त्याला विठ्ठलवाडीच्या एका नव्या कंपनीने बोलावलं होतं. तो निघाला आणि आठवड्याभरात धनेशची नोटीस घरी आली. नाव कंपनीचं, वापराल तर कोर्टात खेचू.

घर तानाजींचं होतं. विनीत त्यांचा जावई, आणि लग्नापासून त्यांच्याच डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये राहत होता. सोसायटीला ते नाव फार आवडायचं. लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारायचं, "काय म्हणतात जावईबापू?" आणि तोंड फिरवून हसायचं. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

नोटीस आली तेव्हा रसिका म्हणाली, "बाबा, तुम्हाला कागदातलं कळतं. विनीतबरोबर जाता का?"

तानाजी लगेच तयार झाले. लेकीचे डोळे भरून आले.

"शेठ, पण नाव मला सुचलेलं," विनीत आता धनेशच्या ऑफिसात म्हणत होता. "तुम्ही मला डेंजर विनू करणार होतात."

"सुचलं असेल रे. नोंदवलं कोणी?"

विनीतने सासऱ्यांकडे पाहिलं.

"त्यांचं बरोबर आहे," तानाजी म्हणाले. "नोंद ज्याची, नाव त्याचं."

धनेशने कागद पुढे सरकवला. तानाजींनी तो दोनदा वाचला आणि खिशातून पेन काढलं.

"हा मसुदा ढिसाळ आहे. तुम्ही नुसतं जावईबापू लिहिलंत. उद्या हे जावईराव होऊन नाचतील. 'जावई' या शब्दाने सुरू होणारं कोणतंही नाव, फेटा, पाट आणि मानपानाची भाषा, असं लिहा. आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द घाला."

धनेश खुर्चीत मागे रेलला. "काका, तुम्ही नक्की कोणाकडून आलायत?"

"मला अर्धवट कागद बघवत नाही."

दुरुस्त केलेला कागद छापून आला. विनीतने तो उचलला.

"बाबा, लोक मला याच नावाने ओळखतात. विनीत कोण ते कोणालाच माहीत नाही."

"माहीत असण्यासारखं काय आहे?" तानाजी म्हणाले. "सही करा."

विनीतने सही केली.

स्टेशनकडे चालताना तो मध्येच म्हणाला, "बाबा, आपल्याला सुचलेलं नसलं तरी ते नाव नोंदवता येतं?"

"आत्ता डोळ्यांनी पाहिलंत ना? त्या मूर्खाला स्वतःचं नाव तरी धड सुचलं असतं का?"

"आणि ज्याचं असतं त्याने तक्रार केली तर?"

"करू दे की. तुम्ही केलीत, काय झालं?"

विनीतने मान हलवली. तानाजींना कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यांनी स्टेशनबाहेर स्वतःहून जावयाला चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात विनीतसाठी शब्द टाकला. स्टोअरमध्ये ड्रम मोजायचं काम होतं. "मानाचं आहे," ते म्हणाले, "कोणी चपला फेकत नाही." विनीत "बघतो" म्हणाला. त्याने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. नाव गेलं की माणूस कसा सरळ होतो, हे तानाजी शेजारच्या हेमाताईंना मुद्दाम लिफ्टमध्ये सांगत.

महिन्याभराने रसिका म्हणाली, "बाबा, रविवारी दुपारी विठ्ठलवाडीला विनीतची पहिली मॅच आहे. नवीन नाव घेतलंय. तुम्ही यायचंच, त्याने पुढच्या रांगेतली जागा ठेवलीय."

"कसलं नाव?"

"तिथेच ऐका."

तानाजी गेले. तो तोंडावर आपटताना बघण्यासाठी ते याहून लांबही गेले असते. हॉल मात्र गच्च भरला होता. आईबाप कडेवर पोरं घेऊन आले होते. ही असली रिकामटेकडी जनता कुठून येते, असा विचार करत तानाजी खुर्चीवर रुमाल अंथरून बसले.

दिवे मंदावले. विनीत आला. ना फेटा, ना पाट. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, काखेत फाइल. रिंगमध्ये चढण्याआधी त्याने दोरीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली आणि सगळ्या हॉलकडे असं काही तुच्छतेने बघितलं की लोकांनी आपणहून शिव्या द्यायला सुरुवात केली. पहिली चप्पल आली. मग दुसरी. तानाजींच्या शेजारी रसिका खुर्चीवर उभी राहून बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती.

निवेदकाने माइक उचलला.

"मंडळी, आजपासून हे नाव आपल्या कंपनीचं. रीतसर नोंदवलेलं. दुसरं कोणी वापरताना दिसलं तर थेट कोर्ट! तर करा स्वागत, निवृत्त हेड क्लार्क, तानाजी भिकाजी धुरी!"