भगवानरावांची नवी बैठक

मुलगी पाहायला मारेगावचे उकंडराव आले, तेव्हा कळंबचे भगवानराव आपल्या नव्या बैठकीत टोपी सावरत उभे होते. शेजारी घनश्याम, नागपूरचा गृहसजावटकार. पासष्ट साली असाही एक धंदा निघाला होता. लोकांचं सामान त्यांच्याच घराबाहेर काढायचं आणि वर फी घ्यायची. भगवानरावांसारखी गिऱ्हाइकं असल्यावर तो चालणारच.

खुर्च्या, झोपाळा, तसबिरी, सगळं घनश्यामने हलवलं होतं. आता भिंती पांढऱ्या, खाली पांढरी गादी, आणि कोपऱ्यात जमिनीवर मातीचा एकच दिवा, भरदिवसा तेवणारा. दाराशी भगवानरावांच्या आईची बाज असायची. "ती नजरेला खुपते," घनश्याम म्हणाला, आणि बाज गेली. बाजेवरची म्हातारीही गेली, मागे गोठ्यात.

उकंडरावांनी उंबऱ्यातून दिवा पाहिला. बाजेची रिकामी जागा पाहिली. टोपी काढून, मान खाली घालून ते गादीच्या कडेला टेकले. सोबतच्या माणसांनीही टोप्या काढल्या.

"बघा, छाप पडली," घनश्याम कुजबुजला. भगवानराव फुलले.

भगवानरावांच्या बायकोने, विमलताईंनी चहा आणला. उकंडरावांनी हातानेच नको म्हटलं.

"सुतकात चहा कायले, वहिनी? मायबाई कवा गेल्या? मले कळवलं काहून नाही? ही सोयरीक त्यायनंच काढली होती."

तेवढ्यात मागून ओळखीचा खोकला आला.

"जित्या हायेत त्या," विमलताई नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "गोठ्यात हायेत. इथं शोभत नव्हत्या."

उकंडराव उठून मागे गेले. गव्हाणीजवळ बाजेवर म्हातारी बसली होती. ते तिच्या पाया पडले, तिच्याच लोट्यातलं पाणी प्याले आणि परत आले.

"आता तं चहा घ्या," भगवानराव गयावया करू लागले. "सुतक नाही ना काही."

उकंडरावांनी टोपी डोक्यावर घातली.

"माह्या घरीबी म्हातारी माय हाय, भगवानराव. या घरची पोरगी तिले कुठं ठेवीन?"

पाहुणे गेले. आतल्या दाराशी नवं पातळ नेसलेली मुलगी तशीच उभी राहिली. चहावर साय धरली.

घनश्यामने वाकून, पाहुणे टेकले होते तिथली गादीची सुरकुती सरळ केली.